पट्टा ताईच्या नावे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय शेती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. दबावापुढे वाकायची मला सवयच नाही. नियमापुढेही नव्हती, ते पुढे येईलच. प्रकृती ठणठणीत आहे. तरी लिहितो आहे, कारण मनावरचं मोठं ओझं उतरलं आहे आणि माझ्यामागे ते कोणी परत चढवू नये.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या पत्नीची. मुलाने "आई, इथे सही कर" म्हणत तिच्यापुढे कागद सरकवू नयेत. ती वाचल्याशिवाय सही करत नाही, हे मी लग्नापासून भोगतो आहे.

२. शेत, ट्रॅक्टर आणि खत पसरायचं यंत्र मुलाचं. यंत्राचा काटा मी तारेने एका आकड्यावर बांधून ठेवला आहे, ती तार सोडू नये. माझा हात पहिल्यापासून सढळ. पिकाला लागेल त्याच्या दुप्पट खत टाकायचो आणि वर ऐटीत फिरायचो. माती तपासून घेतली तेव्हा कळलं, उरलेलं सगळं पावसाबरोबर ओढ्यात आणि ओढ्यातून तळ्यात जात होतं. खत मी घालत होतो आणि पीक शेवाळाचं येत होतं. तळं हिरवं झालं, पोहायला बंदी आली, आणि तिथे होड्या भाड्याने देणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या होड्या काठावर पालथ्या पडल्या.

३. आता मुख्य गोष्ट. ताईने माझ्याविरुद्ध तक्रार केली आणि पाणी खात्याचे तपासनीस आले. मी ट्रॅक्टरवर होतो. ते फाटकातून ओरडले, "आधी पट्टा सोडा, मग बोलू!" फाटकाशी कुत्रा बांधलेला होता. साहेब गावात नवीन आहेत, मुक्या जनावराची दया आली असेल, असं समजून मी कुत्र्याचा पट्टा सोडला. पुढचा तासभर साहेब पाण्याच्या टाकीवर होते. तिथूनच, फाटकी पँट सावरत, त्यांनी नियम वाचून दाखवला: ओढ्यालगत वीस फुटांचा पट्टा सोडायचा, तिथे नांगर नाही, खत नाही, नुसतं गवत वाढू द्यायचं.

मी पट्टा सोडला, आणि ताईशी बोलणंही सोडलं. सख्ख्या बहिणीने तक्रार करावी याचा राग नऊ वर्षं पोसला. गवताने खत अडवलं, माझं पीक काही कमी झालं नाही, तरी राग मात्र उतरेना. ताईची तक्रार बरोबर होती. हे मला तोंडाने म्हणता आलं नाही, म्हणून कायदेशीर कागदावर लिहितो आहे.

शेवटी तीच बांधावर आली. म्हणाली, "सात गाठी दिसतात आता. ये, बघ."

आईच्या सहा पांढऱ्या ताटल्यांपैकी एक तिने नेली होती. ती चोरी आहे, असं मी चार लोकांत बोललो होतो. ती ताटली दोरीला बांधून ताई रोज तळ्यात सोडायची आणि दिसेनाशी होईपर्यंत दोरीच्या गाठी मोजायची. मी होडीत बसून वाकलो, तर दुसऱ्याच गाठीला ताटली गायब. इतकी वर्षं फुकट गेली, असं वाटलं. ताई हसायला लागली. "अरे आंधळ्या, पाणी स्वच्छ आहे. तुझे डोळे गढूळ झालेत!"

डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, डॉक्टरांनी तो काढला. गेल्या रविवारी मी पुन्हा वाकलो आणि सातही गाठी स्वतः मोजल्या. माझा जीव भांड्यात पडला.

म्हणून ओढ्यालगतचा वीस फुटांचा पट्टा मी ताईच्या नावे करत आहे. तिच्यानंतर तो, ती जिच्या किंवा ज्याच्या हातात दोरी देईल त्याचा. हे कायद्यात बसत नाही, असं वकील म्हणाले. बसवा, असं मी म्हणालो.

या कलमावरून मुलगा भांडेल या धास्तीने मी ते त्याला आधीच वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बरं केलंत, बाबा. एखाद्या वर्षी मला मोह झाला असता. आत्याची जमीन नांगरायची माझी काय टाप!" त्या क्षणी मला जे हलकं वाटलं, ते कुठल्याच कलमात मावणार नाही.

४. उरलेल्या पाच ताटल्या ताईच्या. चोरीचा आरोप मागे घेत आहे.

५. तपासनीस साहेबांना एक पँट द्यायची होती. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही म्हणे. म्हणून ती आजच, हयातीत दिली.

स्थळ: घरचं जेवणाचं टेबल
दिनांक: ३ ऑक्टोबर

साक्षीदार १: डोळ्यांचे डॉक्टर
साक्षीदार २: पाणी खात्याचे निवृत्त तपासनीस (नवी पँट घालून हजर)

लिहून देणाराची सही, चष्म्याशिवाय केलेली.