दक्षिण भिंतीचे आकडे

१२ फेब्रुवारी २०१७, रविवार
रेवती आली. चारोटीपर्यंत जीप, पुढे एसटी, तरी दहाच्या ठोक्याला दारात. तलासरीच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवते, बी.एस्सी.ला आमच्या कॉलेजात माझीच विद्यार्थिनी होती.
आपल्या यानाने काढलेले मंगळाचे फोटो आता सगळ्यांना खुले आहेत. आम्ही तिथली मोठी दरी घेतलीय. एकाच जागेचे दोन कोनांतले फोटो, त्यांतला फरक मोजला की मधल्या हवेत धूळ किती ते कळतं. पद्धत माझी, मोजणी तिची. माझे डोळे दोन तासांत दमतात, तिचे नाहीत. बोंबलाचं कालवण-भात खाऊन पुन्हा संगणकापुढे.

५ मार्च, रविवार
उत्तर भिंतीचे आकडे सुरेख. दरीच्या तळाशी धूळ दाट, वर चढावं तशी विरळ. पुस्तकात असतं तसंच.
दक्षिण भिंतीचे मात्र वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखेच. रे.ला म्हटलं, सावली चुकून मोजली असशील.
"तीनदा मोजलं, मॅडम. तिथली हवाच वेगळी आहे."
तिच्या मते वारा भिंतीवर आपटून वर चढत असेल, म्हणून तिथे ढग धरत असेल, इथल्या महालक्ष्मी डोंगराच्या सुळक्याला पावसाळ्यात धरतो तसा. मी हसले. हसायला नको होतं.

८ एप्रिल, शनिवार
विद्यापीठात निबंध वाचला. द. भिंतीचे आकडे काढून टाकले. 'मोजणीतील त्रुटीमुळे वगळले' असं एक वाक्य घातलं. विभागप्रमुख म्हणाले होते, प्रकल्प तुमच्या नावावर आहे, नावही एकच जाऊ दे. मी हो म्हटलं. तेही लगेच; हे इथे तरी खरं लिहावं.
टाळ्या मिळाल्या. छापणारही आहेत.

१६ एप्रिल, रविवार
रे.ला सांगितलं, पुढच्या निबंधात तुझं नाव नक्की. "चालेल, मॅडम." चहा अर्धा ठेवून लवकर निघाली. आकडे वगळल्याचं मी सांगितलंच नाही.

जुलै (तारीख विसरले)
बढती झाली. त्या निबंधाचे गुण मोजले गेले. बहिणीने अच्छाडहून पेढे पाठवले.
रे.चा फोन. विज्ञान शिक्षकांच्या वर्षभराच्या प्रशिक्षणाला अर्ज करतेय, संशोधनात भाग घेतल्याचं पत्र हवंय. मी पत्र दिलं: मेहनती, नम्र, वक्तशीर. मोजणीबद्दल एक अक्षर नाही. लिहिलं असतं तर कोणी विचारलं असतं, मग निबंधात नाव का नाही?

सप्टेंबर
रे.ची निवड झाली नाही. तिने कळवलं नाही, तिच्या शाळेतल्या एका शिक्षकाने बाजारात सांगितलं. ती रविवारी येत नाही आता. मीही बोलवत नाही.

१९ ऑगस्ट २०१८, रविवार
मंगळावर यंदा मोठं धुळीचं वादळ झालं. मुलांना त्यावर शिकवायचं म्हणून जुने लेख काढून बसले. त्यांत एक आपल्याच यानाच्या फोटोंवरचा, त्याच दरीवरचा. दक्षिण भिंतीपाशी हवा वेगळी वागते, वारा भिंतीवरून चढताना ढग धरतात, असं सरळ लिहिलंय. लेख माझ्या निबंधाच्या आधीचा. मी तो वाचलाच नव्हता.
म्हणजे रे.चं बरोबर होतं. कुठलाही लेख न वाचता, नुसतं बघून.
जेवणाचं ताट तसंच ठेवून तो लेख पुन्हा वाचला. ह्यांनी विचारलं, बरं नाही का. म्हटलं, ॲसिडिटी.

९ फेब्रुवारी २०१९, शनिवार
तलासरीला गेले. नोव्हेंबरपासून धरणीकंपाचे धक्के चालू आहेत, रे. सुखरूप आहे का हे बघायच्या निमित्ताने. निमित्तच, दुसरं काय.
वर्ग तंबूत भरले होते. मुलं खाली बसलेली, रे. फळा तंबूच्या खांबाला टेकवून शिकवत होती. तास संपेपर्यंत बाहेर उभी राहिले.
मग सगळं सांगितलं. आकडे, ते वाक्य, नाव, पत्र, बढती. मध्येच एक हलका धक्का बसला. मुलं आपणहून उघड्यावर गेली, रे. त्यांची डोकी मोजून आली आणि म्हणाली, बोला पुढे.
मी सगळं संपवलं. मग म्हणाली, "छापलेला निबंध मी वाचला होता. तेव्हापासून दीड वर्ष वाटत होतं की मीच चुकीचं मोजलं. त्यानंतर मी मुलांना काही मोजायला शिकवलंच नाही."
माफी मागितली. माफ केलं असं ती म्हणाली नाही.
एवढंच म्हणाली, "विद्यापीठाला लिहा. काय लिहिलं ते मला दाखवा."

१० फेब्रु.
चार मसुदे फाडले. 'आकडे वगळले गेले' लिहिलं होतं. खोडून 'मी वगळले' केलं. 'मोजणी रेवती खरपडे यांची होती व ती बरोबर होती.' एवढ्या एका वाक्याला सकाळ गेली.

११ फेब्रु., सोमवार
पत्र प्राचार्यांमार्फत जायला हवं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, बढतीची चौकशी लागेल, कॉलेजचंही नाव येईल, बाई, आठवडाभर विचार करा, मग पाठवू. पत्र त्यांनी आपल्या खणात ठेवलं.
मी बरं म्हणून बाहेर आले. आग्रह करायला हवा होता, पण चौकशी शब्द ऐकल्यावर अजून आठवडा आहे याचंच हायसं वाटलं. ते हायसं वाटणं इथे लिहून ठेवते.
फक्त, त्यांच्याकडे जायच्या आधीच एक प्रत सही करून तलासरीला पोस्टात टाकली होती. उद्या-परवा रे.च्या हातात पडेल.