लॉनवरच्या स्क्रीनचा इन्चार्ज

२ मे
आजपासून रोज लिहिणार. जबाबदारीच्या माणसाकडे नोंद पाहिजे.
आज कडूबाभाऊंच्या मंगल कार्यालयात, लॉनवर स्टेजच्या बाजूला, मोठी स्क्रीन बसली. कडूबाभाऊ म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. कार्यालय त्यांचं, मॅनेजर मी. स्क्रीन कोण सांभाळणार असं विचारताच मी हात वर केला. बाकीचे खाली बघून राह्यले होते.
कंपनीचा माणूस स्क्रीनमागे वहीएवढा काळा डबा लावून गेला. त्याला मीडिया प्लेअर म्हणतात. फोटो, व्हिडिओ सगळं त्यातूनच येतं, स्क्रीन नुसती काच, असं तो म्हणाला. मंग म्हणाला, सिस्टम इन्फर्मेशनचं पान एकदा समजून घ्या. मी म्हणालो, समजलं. त्याने अजून दाखवलं नव्हतं, पण माझं डोकं जरा पुढं चालतं.

३ मे, सकाळी
स्क्रीनवर ‘सुस्वागतम’. हायवेवरून एक ट्रकवाला हॉर्न देऊन गेला. माझ्यासाठीच असावा.
दुपारी: डबा उघड्यावर बरा न्हाई. चोरी होईल. इथूनच, आपल्या वडीगोद्रीतून, पत्र्याची पेटी करून आणली. चारी बाजूंनी बंद, वर कुलूप. दैवशाला (बायको, अंगणवाडी सेविका) म्हणाली, अहो, त्याला हवा कुठून लागंल? मी म्हणालो, त्याला नाक न्हाई. विषय संपला.

५ मे
शीतल आल्ती. कडूबाभाऊंची मुलगी. दैवशाला तिची आत्या, म्हणून मी मामा. १४ तारखेला तिचं लग्न, आपल्याच लॉनवर. मुलगा भोकरदनचा.
तिची आई सगुणाबाई तीन वर्षांपूर्वी गेली. शीतल म्हणाली, मामा, लग्न लागताना आईचा फोटो स्क्रीनवर पाहिजे. दुसरं मला काहीच न्हाई पाहिजे. पेनड्राइव्ह माझ्या हातात देऊन माझी मूठ तिनेच मिटली.
मी म्हणालो, मामा आहे ना.

६ मे
फोटो टाकला. दिसत न्हाई. ‘सुस्वागतम’ जात न्हाई.
हेल्पलाइनला फोन. साक्षी मॅडम, संभाजीनगर. म्हणाल्या, सर, सिस्टम इन्फर्मेशनमधला सिरीयल नंबर वाचा. वाचला. म्हणाल्या, असा प्लेअर आमच्या यादीत नाही. मी म्हणालो, मंग यादी सुधारा.

७ मे
तोच नंबर सहा वेळा वाचला. हळू, मोठ्याने, एकेक अक्षर. शेवटी मॅडम म्हणाल्या, सर, तुम्ही नक्की कुठून वाचताय? मी म्हणालो, स्क्रीनवरून. म्हणजे कुठून? म्हणालो, मागच्या स्टिकरवरून.
मॅडमनी फोन होल्डवर टाकला. नेटवर्क खराब असणार.
तो म्हणे नुसत्या स्क्रीनचा नंबर. प्लेअरचा नंबर आतल्या पानावर, रिमोटने मेनू दाबला की दिसतो. हे कालच सांगायला पाहिजे होतं. कालच सांगितलं, असं त्या म्हणतात.

८ मे
पान उघडलं. सगळं वहीत उतरवून घेतलं. मॉडेल, फर्मवेअर, आयपी ॲड्रेस, स्टोरेज, अपटाइम, टेम्परेचर. सगळं समजलं.
फक्त ॲड्रेस चुकीचा आहे. वडीगोद्री न्हाई, ता. अंबड न्हाई, नुसते आकडे आणि टिंबं. कळवणार.
अपटाइम, २ दिवस ४ तास. हेही चूक. लग्नाला अजून सहा दिवस आहेत. दैवशाला म्हणाली, अहो, कधीपासून चालू हाये ते असतंय ते, माझ्या मोबाइलवर पण येतंय. मी म्हणालो, मोबाइलवर बाळांची वजनं भरणं वेगळं आणि हे वेगळं. ती चहा ठेवते म्हणून आत गेली.
चहा आला न्हाई.

९ मे
बराबर नंबर दिल्यावर मॅडमनी तिकडून काहीतरी केलं आणि फोटो आला! सगुणाबाई, हिरवी साडी, दात दाखवून हसताना. शीतल उन्हात उभी राहून बघत राह्यली. कडूबाभाऊ उपरणं तोंडाला लावून आत गेले. माझं कौतुक कोणी केलं न्हाई. भारावले असतील.

१० मे, दुपारी १
टेम्परेचर ७८! बाहेर ४२. यंत्र साफ खोटं बोलून राह्यलंय. जालन्यात ७८ झालं असतं तर पेपरात आलं असतं.
मॅडमना झापलं. त्या म्हणाल्या, सर, तो हवेचा आकडा नाही, प्लेअर स्वतः किती तापलाय तो आहे. जास्त तापला की आपोआप बंद पडतो. बंदिस्त जागेत ठेवलाय का?
मी म्हणालो, सुरक्षित जागेत ठेवलाय. यात खोटं काहीच न्हाई.

१२ मे
दुपारी दोनदा बंद पडला. चालू होताना आधी ते पान, मंग फोटो. दैवशाला म्हणाली, आधी ती पेटी काढा. मी ऐकू आलं न्हाई असं केलं.
संध्याकाळी ५५. उतरलं की न्हाई? पेटीत गारवा राहतो.
ठराव: लग्न होईपर्यंत पान उघडायचं न्हाई. बघत बसलं की आकडा चढतो.

१३ मे
शीतलला हळद लागली. पिवळ्या हातांनी माझी बाही धरून म्हणाली, मामा, उद्या दिसंल ना? बिलकुल, म्हणालो.
पेटीवर ओलं पोतं टाकावं असं मनात आल्तं. टाकलं न्हाई. दैवशालाचं खरं ठरलं असतं.

१४ मे, सायंकाळी
मुहूर्त १२.३५. सव्वाबाराला सगुणाबाई झकास हसत होत्या. मी स्क्रीनखाली, नवा सदरा घालून.
दुसऱ्या मंगलाष्टकाला स्क्रीन काळी. पेटीकडे पळालो. चावी जुन्या सदऱ्यात, सदरा घरी.
मंग ते पान आलं. पूर्ण स्क्रीनभर. मॉडेल, फर्मवेअर, टेम्परेचर ८९. आणि तिथंच अडकलं. भटजी गात होते आणि सगळं लॉन वाचत होतं. भोकरदनकडचे एक म्हातारे शेजाऱ्याला म्हणाले, काय हो, हे नवरदेवाचं शिक्षण हाये का?
शीतलने अंतरपाटाच्या कडेने वळून बघितलं. तिचं तोंड मला दिसलं. ते लिहीत न्हाई.
तेवढ्यात दैवशाला स्टेजवर चढली. मोबाइलवर सगुणाबाईंचा फोटो लावून शीतलच्या समोर हात उंच धरून उभी राह्यली. मंगलाष्टकं संपेपर्यंत. हात खाली घेतला न्हाई. शीतल त्या बोटभर फोटोकडे बघून रडली, मंग हसली. अक्षता पडल्या. माझ्या मुठीतल्या तशाच राहिल्या.
चूक उन्हाची आहे. मे महिन्यात लग्नं ठेवतात लोक.

१६ मे
कडूबाभाऊ म्हणाले, दाजी, लई दमलात तुम्ही. स्क्रीनचं आता दैवशाला बघंल. मी म्हणालो, काही हरकत न्हाई, मार्गदर्शन करीन.
तिने पेटी काढून टाकली. डब्यावर नुसतं छप्पर केलं, बाजू मोकळ्या. भर दुपारी ५८. मंग वर चढून वायर बांधता बांधता स्पीकरवर साक्षी मॅडमशी बोलत होती. दोघी हसत होत्या. मॅडमनी इन्चार्ज म्हणून तिचं नाव लावून घेतलं. विचारलं, ताई, तिकडं मदतीला कोणी आहे का?
ती म्हणाली, हायेत एक. शिडी धरायला.
मॅडम म्हणाल्या, त्यांचंही नाव लिहून घेऊ?
दैवशालाने वरून माझ्याकडे बघितलं. मी शिडी दोन्ही हातांनी धरली.
म्हणाली, सध्या नको.