पहिली काच कुणी कापायची

आप्पा, आता आपल्याकडं काच मशीन कापतं. उत्रोलीच्या रस्त्याला तुम्ही उभारलेल्या शेडमध्ये, जिथं तुमचं लाकडी टेबल होतं, तिथंच ते बसवलंय. मशीनचं टेबल कसलं, अंगणच म्हणा. वर काच ठेवली की खालून हवा येते आणि जी काच उचलायला आपल्याला चौघं लागायचे ती एका बोटानं सरकते. पहिल्यांदा सरकवली तेव्हा मी एकटीच हसत सुटले. मग काचेच्या कडा घासायला येणाऱ्या बायकांनी सरकवून बघितली, त्याही हसायला लागल्या. एका मोठ्या काचेतून किती तुकडे कसे निघतील हे तुम्ही खडूनं जमिनीवर आखत बसायचात, आणि आई जेवायला हाका मारून थकायची. ते काम हे मशीन चहा गाळेपर्यंत उरकतं. मला याचा इतका आनंद होतो की कधीकधी तुमच्या फोटोकडं बघून ओशाळल्यासारखं होतं.

तुम्ही गेलात तेव्हा आपण सगळं हातानंच कापत होतो. अजूनही डोळे मिटले की भोरातलं आपलं जुनं दुकान दिसतं. देवांच्या तसबिरी, लग्नांचे फोटो, खिडक्यांच्या काचा. संध्याकाळी तुम्ही घरी येता आणि आई तुम्हाला दारातच अडवते. कपडे झटका, तळपाय दाखवा, मगच स्वयंपाकघरात. तिच्या हातात कणकेचा गोळा असतो. तो जमिनीवर टेकवत ती तुमच्या मागून येते, म्हणजे काचेचा बारीक कण पडला असेल तर त्याला चिकटावा. तुम्ही विचारता, पोळ्या तरी दुसऱ्या कणकेच्या आहेत ना? ती गोळा पुढच्या फरशीवर टेकवते. दहावी झाल्यावर माझ्या मैत्रिणींना घड्याळं मिळाली आणि मला तुम्ही काच कापायची हिरकणी दिलीत. मी रुसले, पण दुसऱ्या दिवशी दुकानात हजर झाले. रेघ नीट उमटली नाही असं वाटून तिच्यावरून पुन्हा हिरकणी फिरवली आणि काच भलतीकडंच फुटली. तुम्ही ओरडला नाहीत. "काचेला एकदा सांगितलेलं कळतं, तुलाच का कळत नाही?" एवढंच म्हणालात. दुकानाच्या पहिल्या दिवसापासून तुमच्याबरोबर असलेले आपले आंबवड्याचे मिस्त्री तोंड दाबून हसत होते. मग तुम्ही मला चहा करायला पाठवलंत.

तो तुमचाच नियम. ज्याच्या हातून काच फुटेल त्यानं ती स्वतः झाडून काढायची आणि सगळ्यांना चहा करून पाजायचा. बोलणी नाहीत, पगारातून कापणं नाही, विषय संपला. तुमच्या हातून फुटली तर तुम्हीही करायचात, आणि तुमचा चहा इतका गोड असायचा की बायका म्हणायच्या, आप्पांच्या हातनं नगं बाई फुटायला. गिऱ्हाइकाच्या किंवा पाहुण्याच्या हातून फुटली तर मात्र त्याला बसवून आपण चहा द्यायचा. करायचा मान आपल्या माणसाचा.

मशीन घ्यायचं ठरलं ते विंझरच्या पुढच्या एका बंगल्यामुळं. घरात बसून तोरणा दिसावा म्हणून त्यांना अख्खी भिंतच काचेची हवी होती. तेवढी काच हातानं कापताना सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता, आणि अशी कामं आता वेल्ह्याकडून सारखी येतात. आपण नाही म्हटलं तर ती पुण्याला जाणार. सगळ्यांना हे पटलं, मिस्त्री तेवढे उठून आपल्या कामाला लागले. मग एके दिवशी डबा धुता धुता म्हणाले, "मशीन आल्यावर म्या काय करू हितं? घरी भाताची खाचरं हायत. आता तुमी हायसा, मशीन हाय." लहानपणापासून मला अगं-तुगं करणारा माणूस एकदम तुमी म्हणाला, ते मला फार लागलं.

मिस्त्री गेले असते तर काम अडलं नसतं. मशीन चालवायला कंपनीचा इंजिनिअर आमच्यातल्या कुणालाही शिकवणार होता. अडणार होते मी. तुमच्या रागालोभासकट तुम्हाला ओळखणारं कारखान्यात दुसरं कुणी उरलं नव्हतं. बाकीच्यांना तुम्ही फोटोतले. अमुक काम आप्पांना कसं लागायचं, हे मी कुणाला विचारायचं? मी समजावलं, आईनं जेवायला बोलावून समजावलं. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि बोलणं भाताच्या रोपांवर न्यायचे.

मशीन सुरू करायच्या दिवशी ते आले, पण पाहुण्यासारखे. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. खुर्चीवर टेकून बसले. इंजिनिअरनं नारळ बाहेर फोडायला लावला, मशीनवर पाणी नको म्हणून. हळदकुंकू त्यानं चालवून घेतलं. अक्षतांकडं त्याचं लक्षच गेलं नाही. आपल्या लोकांना लग्न काय आणि मशीन काय, सारखंच. भटजींचं संपतंय तोवर सगळ्यांनी मुठी मोकळ्या केल्या. मीही केली, आणि मिस्त्रींनीही खुर्चीतून उठून केली. मग टेबल पुसलं, म्हणजे पुसल्यासारखं केलं. काच ठेवली, इंजिनिअरनं बटण दाबलं, कापायचं चाक धावत निम्म्यावर आलं आणि काच कडकन आडवी तडकली.

इंजिनिअर घाबराघुबरा होऊन स्क्रीन तपासत राहिला. शेवटी त्यानं वाकून, फुटके तुकडे बाजूला करून, टेबलाच्या कापडावरून चिमटीत तांदळाचा एक दाणा उचलला. इंद्रायणी, आपल्याच भागातला. हा कुणी टाकला, असं त्यानं विचारलं. मिस्त्रींनी खुर्ची मागं सारली, अस्तन्या वर केल्या आणि केरसुणी घेऊन झाडायला लागले. मी म्हटलं, मिस्त्री, राहू द्या, अक्षता सगळ्यांनीच टाकल्या.

"टाकल्या आसत्याल. दाना माजा हाय," ते म्हणाले आणि पांढऱ्या सदऱ्यानिशी गॅसपाशी गेले.

आधी आई हसली, मग बायका, मग काही न कळता इंजिनिअरसुद्धा. चहा तुमच्यापेक्षा बरा होता, सांगून टाकते. चहा झाल्यावर टेबलाचा कोपरान्‌कोपरा साफ केला. आई म्हणाली, कणकेचा गोळा फिरवते, तर इंजिनिअरनं हातच जोडले. दुसरी काच चढवली. तेवढ्यात बघते तर मिस्त्रींनी अस्तन्या खाली घेतल्या होत्या, टोपी नीट केली होती आणि दाराकडं निघाले होते. चहा पाजला म्हणजे राहिले, अशी मी मनातल्या मनात गाठ मारली होती. ती सुटली. मी पाठीमागून म्हटलं, "मिस्त्री, आप्पा जायच्या आधी मला म्हणाले होते. कधी मशीन आलंच, तर पहिली काच मिस्त्रींनी कापायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही."

ते उंबऱ्यात थांबले. तुमच्या फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं, जरा जास्तच वेळ.

"व्हय," म्हणाले, "मलाबी तेच म्हनले व्हते. म्हनलं, तू कधी सांगतीस बघू."

मग चष्मा पुसून मशीनपुढं आले आणि इंजिनिअरनं दाखवलेलं बटण दाबलं. काच सरळ निघाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी आईचा हात इतका घट्ट धरला की ती ओरडली. तेव्हापासून मशीन त्यांचं आहे. कडेला उभं राहायचं तरी मला आधी चपला झटकायला लावतात.

हे पत्र तुम्हाला पाठवायचं कुठं, आणि इथं ठेवायचं तरी कुठं? माझ्या टेबलावरचा कागदन्‌कागद मिस्त्री वाचतात. आत्ता ते पलीकडं काच चढवतायत, तेवढ्यात मी हे गॅसवर धरून जाळणार आहे. कारण आप्पा, तुम्ही मला तसं काही म्हणाला नव्हतात. मशीनचा विषय आपल्यात कधी निघालाही नव्हता, ती थाप मी उभ्या उभ्या मारली. त्यांना तुम्ही खरंच म्हणाला होतात का, ते मी अजून त्यांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही.