भोवत्यांचं गायरान

१४ नोव्हें.
पुण्याची अभ्यासक नेहा आली, सोबत कझाकस्तानची आयगुल. आयगुलच्या लोकांनी तिकडे एका भोवत्या नावाच्या शिकारी पक्ष्याच्या पाठीवर छोटं यंत्र बसवलंय. तो कुठं आहे ते तिला फोनवर दिसतं. दिसलं आमचं गायरान! ग्रा.पं. सदस्य म्हणून मलाच बोलावलं. संध्याकाळी पाखरं एकेक करून गवतात उतरली. इतकी वर्षं घारी समजत होते मी.
नेहाने आयगुलचं बोलणं सांगितलं. तिकडे ही पाखरं गव्हात घरटं करतात. कापणीत शेतकरी तेवढा तुकडा उभा ठेवतात.
आम्ही दरसाल गवत पेटवतो. 

१९ नोव्हें.
मोठे भाऊजी, यांचे थोरले भाऊ, चहाला आले. सरपंच तेच. गायरान सपाट करून मलकापूरच्या एका व्यापाऱ्याला गोदामासाठी द्यायचंय. माझा पाठिंबा हवा. नाही म्हटलं.
"पाखराईसाठी गाव मागं ठेवतं काय? तुह्या माहेरचे हायेत का ते?"
"हाव. दिवाळीले येतेत, उन्हाळा लागला का जातेत. माहेरचेच समजा."
चहा तसाच टाकून गेले. 

२० नोव्हें.
सकाळी हे म्हणाले, "माह्या भावासंग वैर काऊन घेऊन राह्यली?"
वैर कसलं. गायरान गावाचं. शेजारच्या शांताबाईच्या शेळ्या कुठं चरतील? सोयाबीनवरचे टोळ ही पाखरंच खातात, ते? हे उठून शेतात गेले.

२६ नोव्हें.
गोदामाच्या ठरावासाठी ग्रामसभा. नेहाने मायदेशी परतलेल्या आयगुलला व्हिडिओ फोन लावला. पडद्यावर बर्फ, कानटोपी घातलेला एक म्हातारा शेतकरी. नेहाने त्याचं बोलणं सांगितलं: पिल्लं उडेपर्यंत मी गहू कापला नाही, आता तुमच्याकडे सोपवलीत.
भाऊजी हसले. "तो म्हातारा आपल्याले शिकवन काय बे?"
मी उभी राहिले.  "त्यानं पीक सोडलं. आपल्याले काहीच सोडाचं नाही, नुसतं जाळाचं नाही. तेवढंही होत नाही काय?"
शांताबाई उठली, मग बाकीच्या बाया. ठराव झालाच नाही. पुढच्या सभेत बघू म्हणत भाऊजी निघाले. तोंड लालबुंद.

३० नोव्हें.
सभा नाही, ठराव नाही, आणि सकाळीच गायरानात जेसीबी! तशीच पळत गेले, मशीनपुढे गवतात बसले. भाऊजी तिथंच उभे होते.
"ऊठ, सुनंदा. तमाशा नको."
"ठराव दाखवा, उठतो."
ड्रायव्हरने मशीन बंद केलं, बिडी पेटवली. शांताबाई शेळ्या घेऊन आली, माझ्या शेजारी बसली. मग आणखी बाया. दुपारी जेसीबी परत गेला.
जाताना भाऊजी, "उद्या पोलीस घेऊन येतो."
"या. त्याइलेही ठरावच दाखवा लागन."
संध्याकाळी पाखरं आली. चाकांच्या खुणांवर बराच वेळ फिरली. काही उतरली, काही पुढे निघून गेली.
घरी यांना सांगितलं, उद्या सकाळपासून तिथंच बसणार, डबा घेऊन.
जेवताना मान वर न करता म्हणाले, "दोन भाकरी जास्तीच्या बांध."
जेवून उठले आणि आपली पाण्याची बाटली माझ्या डब्याजवळ ठेवली.