शेवटच्या दोन ओळी

रॉस्कॉफ, ब्रिटनी
शनिवार, २४ ऑगस्ट १९७४

ती. वन्संना,
एलिनेडचा सा. न. वि. वि.

सोअर चॅपलची सगळी गानमंडळी बोटीतून सुखरूप उतरली. कोळशेवाला ओवेन वाटभर ओकत होता, तरी उतरल्या उतरल्या न्याहारीची चौकशी केलीनच. आम्ही इथल्या ननच्या मठात राहिलो आहोत. रोज बसनं एकेका गावाला जायचं, तिथल्या जुन्या चर्चमध्ये गायचं आणि मुक्कामाला परत यायचं. पत्रं मठाच्याच पत्त्यावर टाका. शनिवारी, सात तारखेला, परतीची बोट आहे.

काल पहिलं गाणं झालं. चर्च पाचशे वर्षांपूर्वीचं. आपल्या चॅपलात नुसत्या पांढऱ्या भिंती, आणि इथं जिकडे पाहावं तिकडे संत, मेणबत्त्या, सोन्याचा मुलामा. पॅरी मास्तरांची बायको मूर्ती दिसू नयेत म्हणून डोळे मिटून गायली आणि पायरी चुकून ओवेनच्या अंगावर गेली. आवाज मात्र तिथं असा घुमतो की आपण गप्प झालो तरी छत गातच राहतं.

वन्सं, मी कशाला आले आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. ह्यांना मी गाण्यासाठी जाते एवढंच सांगितलं. पोराचं, इद्वालचं सहा वर्षांत एकच कार्ड आलं, त्यावर पत्ता नाही, नुसता रॉस्कॉफचा शिक्का. इथून आपल्या मुलखात येणाऱ्या कांदेवाल्यांच्या गाडीबरोबर गेला, एवढंच गावात कुणीतरी पाहिलेलं. म्हणून मी पॅरी मास्तरांच्या पाया पडून कबूल करून घेतलंय की प्रत्येक ठिकाणी शेवटी मामंजींनी बांधलेली, आपल्या घराचंच नाव दिलेली 'हावोद वेन' चाल घ्यायची. ती कुठे छापलेली नाही, आपल्या चॅपलाबाहेर कुणाला येत नाही. ती संपली की मी थांबते. वाटतं, मागच्या बाकावरून कुणीतरी शेवटच्या दोन ओळी परत उचलील. तसं करायचं असतं हे आपल्याच माणसाला ठाऊक.

काल कुणी उचलल्या नाहीत. लोक आपापल्या टोप्या शोधायला लागले.

ह्यांना पाठीशी तीन उशा लागतात, दोन नव्हेत. लोभ तुमचा आहेच, माझ्यापेक्षा तुमच्या भावाकडे थोडा जास्त वळवा.

तुमची,
एलिनेड

हावोद वेन, पेनराल्ट
बुधवार, २८ ऑगस्ट

चि. सौ. एलिनेडला,
नेस्तचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. उशांचं मला शिकवू नकोस, हा माझ्या पाठीवर वाढलेला भाऊ आहे. चार उशा लागतात आता.

सोमवारी डॉक्टर येऊन गेले. खाणीतल्या पाटीच्या दगडाची धूळ छातीत घट्ट बसली आहे, करण्यासारखं आता काही शिल्लक नाही, असं जिन्यात उभं राहून सांगितलं त्यांनी. किती दिवस म्हणून विचारलं, तर म्हणाले की महिने मोजू नका. मी चहाचं विचारलं तर नको म्हणाले. जो डॉक्टर चहा नको म्हणतो त्याचं मला भय वाटतं.

ग्विलिमला तू फसवलंस असं तुला वाटतं, त्याला मात्र सगळं ठाऊक आहे. तू निघालीस त्याच दिवशी मला म्हणाला की बायकोला आजवर चॅपलच्या सहलीला ओढून न्यावं लागायचं, ती आपण होऊन समुद्र ओलांडते म्हणजे पोराच्या मागावर गेली. रोज संध्याकाळी सात वाजले की विचारतो, आज कुठल्या चर्चमध्ये. मी तुझा कागद बघून नाव सांगते. मग खिडकीकडे तोंड करून पडून राहतो. सापडला का, असं मात्र विचारत नाही. तुझा नवरा हट्टी आहे, तो हट्ट आमच्या घरातला आहे, मला सांगायला लाज नाही.

तू परत ये, असं लिहायला बसले होते. लिहवत नाही. पण तू तिथं आणि हा इथं, आणि मधे मी एकटी. मला हे झेपत नाही, एलिनेड.

आशीर्वाद आहेतच. या वेळी मलाच थोडे पाठव.

नेस्त

हावोद वेन
शुक्रवार, ३० ऑगस्ट

चि. सौ. एलिनेडला,
अ. उ. आ.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. हे पत्र तुझ्या हाती पडल्याशिवाय मला स्वस्थ बसवणार नाही.

आज दुपारी ग्विलिमला थोडा श्वास होता. मला म्हणाला, दार लाव. मग सांगितलं ते त्याच्याच शब्दांच्या जवळपास लिहिते.

पोरगा गेला त्या वर्षीची सुगीची प्रार्थना तुला आठवते. आठवेल कशी नाही म्हणा, घर तिथंच मोडलं. ग्विलिम गाणं उचलणारा, सगळ्यांना सूर देणारा, पुढच्या बाकापाशी, डाव्या हातात पुस्तक, उजवा हात मोकळा. 'हावोद वेन' संपली. ओळी परत उचलायचा मान त्याचा, आणि पोरानं मागून आपणच उचलल्या. ग्विलिमचा हात वर गेला, पुस्तक दाणकन खाली आलं, दोनशे माणसं एका शब्दावर गप्प झाली आणि इद्वाल एकटा तोंड उघडं टाकून उभा राहिला. बापानं भर चॅपलात पोराला थांबवलं असंच सगळ्या गावानं धरलं. मीही.

त्यानं थांबवलं नव्हतं ग. त्याचा श्वास संपला होता. शेवटची ओळच पुरी करता आली नव्हती, परत कुठून उचलणार. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून पुस्तक सुटलं, आणि तोच डावा हात खांब धरायला वर गेला. एवढंच. म्हणाला, पोरानं ओळी उचलल्या तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

मी विचारलं, मग त्याच संध्याकाळी बोलला का नाहीस. तर म्हणे, श्वास गेला असं सांगितलं असतं तर पुढच्या आठवड्यात गाणं उचलायला पॅरीला उभं केलं असतं. दोन दिवसांनी सांगू, चार दिवसांनी सांगू म्हणत राहिला. चौथ्या दिवशी पोराची खोली रिकामी.

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण मारायला गाल तरी कुठे उरलाय, नुसती हाडं. मग मी त्याचं तोंड पुसलं आणि खाली येऊन रडले.

पोरगा सापडला तर हे सांग. नाही सापडला तरी तुला ठाऊक असू दे.

नेस्त

रॉस्कॉफ
शनिवार, ३१ ऑगस्ट

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं बुधवारचं पत्र आज मिळालं. चार वेळा वाचलं. परत यावं तर बोटीची तिकिटं सगळ्यांची मिळून एकत्र, आणि खरं सांगायचं तर तिकिटाचा बहाणा आहे. मोकळ्या हातांनी ह्यांच्यासमोर उभं राहायची माझी छाती नाही. त्या प्रार्थनेनंतर इद्वालला मीच म्हटलं होतं, जा, वडिलांची क्षमा माग. पोरानं माझ्याकडे पाहिलं ते पाहणं अजून जात नाही. आई माझ्या बाजूनं बोलेल असं त्याला वाटलं होतं.

सात चर्च झाली. कुठे वीस माणसं, कुठे दोनशे. रोज शेवटची चाल संपते, मी मागच्या बाकांकडे बघते, आणि पाद्री उठून आभार मानायला लागतात. परवा मी हुंदका आवरताना खालचा सूरच सोडून दिला. पॅरी मास्तरांनी मला नुसती खडीसाखर दिली. बाजारात, कांद्याच्या गोदामांत, सगळीकडे फोटो दाखवला. इद्वाल नावाचा कुणी इथं नाही म्हणतात.

आणि वन्संऽ, काल. काल गाणं झाल्यावर एक म्हातारी माझ्यापाशी आली. पांढरी टोपी, दात दोनच. तिची भाषा ब्रेटन, मला दहातला एक शब्द कळतो. फोटो दाखवला तर डोळ्यांना दिसेना. मी नुसतंच 'माब, माब' म्हणत राहिले. मुलगा म्हणायला त्यांच्यात आणि आपल्यात एकच शब्द. मग तिनं आमच्या चालीची शेवटची ओळ आपल्या फाटक्या आवाजात गुणगुणून दाखवली आणि हसायला लागली. बसवाल्यानं समजावून सांगितलं ते असं: म्हातारीची सून ज्या गोदामात कांद्याच्या वेण्या बांधते तिथं परमुलखातला एक माणूस आहे. बायका कुठलंही गाणं म्हणोत, ते संपलं की हा शेवटचा तुकडा परत म्हणतो. कितीही चिडवलं तरी सवय जात नाही. त्याचं खरं नाव कुणी विचारलं नाही, सगळ्या त्याला 'शेपूट' म्हणतात.

माझं लेकरू परक्या मुलखात शेपूट झालंय. मी रडले का हसले ते मला सांगता येणार नाही.

उद्या रविवार, गोदाम बंद. सोमवारी गाडी घेऊन तो दुसऱ्या बाजारी जातो. मंगळवारी सकाळी मी जाणार. ह्यांना मंगळवार ओलांडू द्या. तुम्हाला हात जोडते. काय वाटेल ते करा, भांडा त्यांच्याशी, भांडताना ते जागे राहतात.

तुमच्याच भरवशावर,
एलिनेड

रॉस्कॉफ
मंगळवार, ३ सप्टेंबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र टपालात टाकत नाही. ज्याच्या हाती पाठवते तो तुमच्यासमोर उभा असेल. त्याला आधी काहीतरी खायला घाला, वाळलाय.

सकाळी निघताना तुमचं शुक्रवारचं पत्र ननबाईंनी हातात ठेवलं. बसमध्ये वाचलं. मला तिथंच किंचाळावंसं वाटलं. सहा वर्षं, वन्सं. एका खांबापायी.

गोदामात तो पोत्यावर बसून वेण्या बांधत होता. उठला, माझ्या गालाला गाल लावला, आणि परत बसून कांदे हातात घेतले. वडील आजारी आहेत म्हटलं, तर वाईट वाटतं म्हणाला, परक्याच्या घरचं ऐकल्यासारखं. घरी चल म्हटलं तर म्हणाला की तिथं दोनशे माणसांसमोर मला उत्तर मिळालंय, आता आणखी काय ऐकायला येऊ. माझ्याकडे न बघता म्हणाला, आणि तूसुद्धा. मी पदरी घेतलं. खरंच होतं.

मग तुमचं पत्र त्याला वाचून दाखवलं. डाव्या हातापाशी मला थांबवलं आणि कागद स्वतःच्या हातात घेतला. म्हणाला, ते पुस्तक दादांनी माझ्यावरच्या रागानं आपटलं असं मी समजत आलो. आणि डावाच होता ग, दादा गाणं थांबवतात ते उजव्यानं. मी रोज आठवत होतो आणि मला एवढं कळलं नाही. मग कांद्यांत तोंड घालून रडला. शेजारच्या बाईनं त्याच्या हातातली वेणी काढून घेऊन पुरी केली.

त्या गोदामाची गाडी आज संध्याकाळच्या बोटीनं निघते, पोर्थमडोगच्या बाजाराला. याँ म्हणून गाडीवान आहे. आपल्या घरावरूनच जाणार, उद्या पाचपर्यंत पोचेल. पण त्याच्याशेजारी जागा एकच. इद्वाल म्हणाला, आई तू जा. जाणं माझंच होतं, चौतीस वर्षं मी त्या माणसाच्या उशाशी निजले आहे. मी नाही म्हटलं. माझं ह्यांच्याशी काही बोलायचं राहिलेलं नाही, त्याचं राहिलंय. असं म्हटलं खरं, पण मला ह्यांचा चेहरा बघायचाय, वन्सं.

ह्यांना सांगा, उद्या सातला आमचं शेवटचं गाणं, इथल्याच बंदरावरच्या चर्चमध्ये. 'हावोद वेन' संपली की ओळी मी स्वतः परत उचलणार. बाईनं उचलायच्या नसतात हे मला ठाऊक आहे. पॅरी मास्तरांना अजून सांगितलेलं नाही.

माझी माया त्याच्याबरोबरच पाठवली आहे, वेगळी लिहीत नाही.

एलिनेड

हावोद वेन
गुरुवार, ५ सप्टेंबर

चि. एलिनेडला,
तुझ्या नेस्तचे अ. आ.

वर मी काय लिहिलं नाही ते तुझ्या लक्षात आलं असेल. सवयीनं हात 'सौ.'कडे गेला होता, मागे घेतला.

याँ गाडी घेऊन उद्याच्या बोटीनं तिकडे परत येतोय. पत्र त्याच्याकडे देते, म्हणजे कुणा परक्याच्या तोंडून तुला कळणार नाही. कुठेतरी बसून वाच.

इद्वाल काल सव्वापाचला आला. ग्विलिम दोन दिवस डोळेही उघडत नव्हता, पण जिन्यावर पावलं वाजली तसा म्हणाला, शेवटून दुसरी पायरी वाजवत येतोय. पोरगा दारात थांबला. मी खाली निघून गेले, म्हणून काय बोलले ते मला ठाऊक नाही. फार वेळ बोलले नसतील, श्वासच नव्हता. वर गेले तेव्हा इद्वाल पलंगावर होता आणि ग्विलिमचा डावा हात त्याच्या मुठीत होता.

सात वाजले. ग्विलिमनं माझ्याकडे बघितलं. मी चर्चचं नाव सांगितलं, आणि आज बाई ओळी उचलणार आहे हेही सांगितलं. हसला ग. पॅरीचा चेहरा बघायला मिळायला हवा होता, म्हणाला. ते त्याचं शेवटचं बोलणं.

मग इद्वालनं 'हावोद वेन' म्हटली, हळू, बसल्या बसल्या. संपली आणि तो थांबला. मान खाली घालून वाट बघत राहिला. मला वाटलं, आता इथं काही होणार नाही. पण ग्विलिमचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण शब्द दिसत होता, शेवटच्या दोन ओळींतला पहिला. त्यानं उचलल्या, पोरानं त्याच्या ओठांवरून घेतल्या. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा ओठ हलेनात. तेव्हा त्यानं उजवा हात वर केला. मी घाबरले, तो हात थांबवायचा. पण त्यानं बोट इद्वालकडे केलं, आता तू, असं. इद्वालनं तिसऱ्यांदा उचलल्या. त्या पुऱ्या झाल्या तेव्हा ग्विलिम नव्हता.

माती सोमवारी ठेवली आहे, तू पोचल्यावर. गाणं कुणी उचलायचं हे विचारायला चॅपलचे दोघेजण आज आले होते. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की ते काल ठरलं.

तू इथं नव्हतीस याबद्दल मी तुझं सांत्वन करणार नाही. करता येत नाही. तुझी जागा तू पोराला दिलीस, म्हणून माझा भाऊ वाट बघत मेला नाही, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मला एकच कळव. इथं तीनदा झालं. तिकडे तू उचललंस का, आणि किती वेळा?

आता आपल्या दोघींत लहान-मोठं काही धरू नकोस. पोरगा बंदरावर तुला घ्यायला येतोय.

नेस्त