हवा लागू नये म्हणून

सावदा,
दि. २३ एप्रिल

चि. सौ. सुनंदा हिस नानांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. दिपमालाला मुलगी झाली हे शेजारच्या नवलने तुझा फोन घेऊन मला ओरडून सांगितले, तेव्हाच लिहायला बसलो होतो. पण ऊन असे, की घामाने कागद भिजतो. फोनवर मला काही ऐकू येत नाही, म्हणून पत्राशिवाय इलाज नाही.

तू मागवलेली लोखंडी शेगडी आणि बाभळीचे कोळसे नवलच्या हाती भुसावळला दिले, तिथून एसटीने येतील. तुझ्या आईला आणि दिपमालाच्या वेळी तुला याच शेगडीचा शेक मिळाला. निखाऱ्यावर राख पसरून खाटेखाली ठेवत जा.

एक विचारायचे राहिले. जावईबापूंनी बाळंतिणीच्या खोलीत एसी बसवला म्हणे. मग भिंतीतले वरचे झरोके उघडे आहेत ना? आपल्या धाब्याच्या घराला छतात सानं आहे. दाराखालून गार हवा येते, तापलेली हवा आणि धूर त्या भोकातून वर जातो. म्हणून तर बाहेर आग बरसत असली तरी आत माणूस निवांत पडतो. मी चौथी शिकलेला, पण एवढे मला कळते. झरोक्यांचे नक्की लिही. मला झोप नाही.

तुझा काळजीखोर बाप,
नाना


देवपूर, धुळे,
दि. ३० एप्रिल

ती. नानांच्या चरणी सुनंदाचा शि. सा. न. वि. वि.

शेगडी पोचली. कोळसे मात्र तुम्ही लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक होईल एवढे धाडलेत. काळजी केल्याशिवाय नानांना भाकरी गोड लागत नाही, असे आई म्हणायची ते खोटे नाही.

झरोके यांनी विटा लावून बुजवले. गार हवा बाहेर जाते आणि बिल वाढते, असे यांचे म्हणणे. दाराच्या फटीलाही रबराची पट्टी लावली. तुमच्या धाब्यासारखे इथे कुठे, नाना? स्लॅब असा तापतो, की अंधार पडला तरी भिंतीला हात लावता येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाला उकाडा नको. न्हाऊ घालणाऱ्या पुष्पाबाई म्हणाल्या, बाळंतिणीला गारठा नको, कंबर धरेल. मी दोघींचे ऐकले. वर एसी, खाटेखाली शेगडी. काल पुष्पाबाई पाहून ‘बठ्ठं चांगलं शे’, सगळे ठीक आहे, म्हणून गेल्या.

दिपमालाचे डोके दुखते, सकाळी मळमळते. जागरणाचे असेल. पोर मात्र फार गुणाची, रडतच नाही. दुधालासुद्धा हलवून उठवावे लागते. दोघींच्या गालांवर लाली आली आहे, बघायला येणाऱ्या बाया नावाजतात. मीही आता त्यांच्याजवळ खाली अंथरूण टाकते. इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

हे शुक्रवारी कामासाठी सुरतेला जाणार, मग घरात आम्ही तिघीच. पोरीला नाव सुचवा. उन्हात फिरू नका, आणि आमच्यावरची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
सुनंदा


सावदा,
दि. ४ मे

चि. सौ. सुनंदा हिस आशीर्वाद.

हे पत्र नवलच्या हाती देतो आहे. पोस्टाची वाट पाहवत नाही.

तुझे पत्र काल दुपारी आले. लगेच नवलला फोन करायला लावला. दार उघडा, शेगडी बाहेर काढा, असे त्याने तुला दोनदा सांगितले. तू हसलीस म्हणे. बाहेर झळा चालल्यात, ओल्या बाळंतिणीला वारा लागेल, पुष्पाबाईंना विचारून बघते म्हणालीस. आज सकाळपासून फोन वाजतो, कोणी उचलत नाही. जावईबापूंचा लागत नाही. तुमच्या शेजाऱ्यांचा नंबर आम्हा कोणाकडे नाही. नवल म्हणाला, बाळंतघर आहे, कामात असतील. मग माझ्याकडे पाहून तो गाडी काढायला उठला.

सुनंदा, तू जन्मायच्या आधीची गोष्ट. तेव्हा सावद्यात केळी पिकवायला बंद खोलीत धूर करत आणि दार चिखलाने लिंपत. दार फोडले तरी लगेच आत जायचे नाही, हवा खेळू द्यायची, असा नियम होता. चिंधा हमाल टोपली आणायला आत गेला. धूर दिसत नव्हता, त्याला वाटले झाले. आम्ही गेलो तेव्हा भिंतीला टेकून बसला होता. गाल लाल, तोंडावर त्रास नाही. दिवसा झोपतोस का म्हणून आम्ही त्याची थट्टा केली. हात लावेपर्यंत कोणाला काही कळले नाही.

बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ही आपली रीत खरी. पण ती सान्याखालची रीत आहे. वरची वाट बुजवून तीच शेगडी आत ठेवली, की ती केळीची खोली होते. आणि ती शेगडी मी माझ्या हाताने बांधून पाठवली.

नवल मोटरसायकलने निघतो आहे. मला मागे घ्यायला तयार नाही. तुम्हाला सांभाळू का गाडी पळवू, म्हणतो. त्याच्याजवळ छिन्नी आणि घण दिला आहे. त्याला बस म्हणू नकोस, पाणी विचारू नकोस. आधी दार, मग शेगडी, मग झरोके. जावईबापू रागावले तर माझ्यावर रागवू देत. आतून कोणी कडी काढली नाही तर दार तोड, असे मी त्याला सांगितले आहे.

कंबर धरली तर धरू दे. वारा लागू दे पोरीला. तिला चिमटा काढ, रडव.

नवलची बायको फोन घेऊन माझ्याजवळ ओट्यावर बसली आहे. मी जेवलो नाही, ती पण नाही. तिघी उठलो, एवढेच कळव. लवकर कळव, बाई.

नाना