लातूरचा रूळ, नांदेडचा रूळ

नांदेड, १२ मार्च १९८३

ती. बसलिंगप्पाअण्णांस,
धाकट्या बहिणीचा शरणार्थ. शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. नळाचा नेम नाही, हापशाच्या रांगेतच जीव जातो. तुमच्या दाजींचा उजवा हात अर्धांगाच्या झटक्यापासून लोंबतोच आहे. डॉक्टर म्हणतात, डाव्याला कामाला लावा. हे म्हणतात, रेल्वेतली गार्डाची नोकरी संपली, आता आम्ही भंगारात. आणि भिंतीकडे तोंड करून बसतात.

परवा ट्रंकेतून माळेगावच्या जत्रेतली चावीची आगगाडी निघाली. ती यांनी डाव्या हाताच्या बोटाने ढकलली. थोडीच, पण ढकलली! फळीवर रूळ मांडून नांदेड स्टेशन करावं म्हणते. तुमच्या दुकानातून पत्र्याच्या पट्ट्या आणि बारीक खिळे पाठवाल का? माणूस भिंतीकडून इकडे वळावा, एवढंच मागणं आहे.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच ठेवा.
तुमची रुद्राणी

लातूर, २८ मार्च १९८३

चि. सौ. रुद्राणीस अनेक आशीर्वाद.

लातूर जिल्हा झाला, साहेब आले, जीपगाड्या आल्या, घरभाडी चढली. पाणी तेवढं यायचं राहिलं. दुकानात गिऱ्हाईक येतं ते बादली मागायला.

सामान एसटीच्या कंडक्टरजवळ दिलं आहे, उतरवून घे. तुझी वहिनी म्हणते, लोक विहिरी खणून राहिले अन् ह्यांना आगगाडी सुचून राहिली. म्हणू दे. दुसऱ्या फळीवर लातूर स्टेशन मी करतो, बसव जयंतीच्या आत पाठवतो. फळ्या जोडा आणि गाडी इकडे सोडा. दाजींना म्हणावं, शिट्टी तुम्हीच द्यायची.

सगळं एकटीने ओढू नकोस, पोरी. आमची आठवण असू दे.
बसलिंगप्पा

नांदेड, १० मे १९८३

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

मी वळण आवळ घेतलं, गाडी पडली, तर हे केवढ्याने ओरडले! मला आनंदाने रडूच आलं. मग डाव्या हातात खडू धरून स्वतः वळण काढून दिलं. गोदावरी निळी रंगवू का विचारलं, तर म्हणाले, वाळू टाक, खरी तरी कुठं वाहून राहिली.

काल तुमची फळी आली. स्टेशन देखणं आहे, पण अण्णा, तुमचा रूळ आमच्यापेक्षा अरुंद! लातूरला येणारी खरी गाडी लहान, म्हणून तुम्ही रूळही तसाच केलात. एकमेकांना विचारायचं कुणालाच सुचलं नाही. गाडी सांध्यावर आडवी झाली. यांनी तोंड फिरवलं. पुन्हा भिंत.

माझा तोल गेला. यांना म्हटलं, दोन्ही फळ्या चुलीत घालते. पाणी मी आणायचं, दळण मी, तुमची बटणं मी लावायची, आता रूळही मीच जोडायचे? मी थकले, अण्णा. आता पुन्हा नवी फळी करू नका. हौस उरली नाही.

राग धरू नका, मला तुमच्याशिवाय कोण आहे?
रुद्राणी

नांदेड, २२ मे १९८३

श्री. बसलिंगप्पा यांस पंचाक्षरीचा शरणार्थ.

अक्षर डाव्या हाताचं आहे, हसा खुशाल.

तुमचं काही चुकलं नाही. लातूरचा रूळ अरुंदच आहे, तुम्ही खरं तेच केलंत. मनमाडला आमची लाइन संपून रुंद रुळाची मोठी लाइन लागायची. हमाल पोती पाठीवर घेऊन या डब्यातून त्या डब्यात टाकायचे. रूळ जुळत नाहीत म्हणून माल कधी पडून राहिला नाही. दोन्ही फळ्यांच्या मधे मी फलाट केला आहे. आमची गाडी तिथवर येते. पुढची लहान गाडी तुम्ही घेऊन या.

रुद्राणी त्या दिवशी बोलली, ते मी भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकलं. लाज वाटली. आज पहाटे कळशी घेऊन हापशावर गेलो. शेजारच्या नागुबाईने हापसून दिलं. बाकीच्या बाया हसल्या. भरली कळशी डाव्या हाताला पेलेना, म्हणून अर्धी अर्धी आणतो आहे. रांजण अजून भरायचा आहे. ती निजली आहे, उठवलं नाही.

लोभ आहेच, तो राहू द्यावा.
आपला,
पंचाक्षरी